गहू, दूध, कांदा-लसूण, कडधान्यं मानवत नसतील तर: सांगलीच्या स्वयंपाकघरातून

मला दूध पचत नाही. एकाच जेवणात दोन पोळ्या झाल्या की संध्याकाळपर्यंत पोट तटतटून फुगतं. कांदा, लसूण, मटकी, हरभरा आणि आंबा यांनीही तेच होतं. आमच्या सांगलीत हे टाळून जेवणं सोपं नाही. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते. तिच्यात कांदा-लसूण असतोच, आणि आमटी, कालवण, अंडी, पिठलं अशा सगळ्यांत ती पडते.

तरीही मी रोज पोटभर आणि चवीनं जेवते, नोकरी करते, एकत्र कुटुंबात राहते, लग्नाकार्याला जाते. ज्यांना नुकतंच कळलंय की आपल्याला चार-पाच गोष्टी बाधतात, आणि "मग आता खायचं तरी काय?" या विचारानं जे खचलेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पथ्य म्हणजे ताटातून एकेक पदार्थ काढत जाणं, असा आपला समज असतो. खरं काम त्याच्या पुढचं आहे. काढलेल्यातलं जेवढं परत आणता येईल तेवढं परत आणायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पोळी सोडायच्या आधी तपासणी

पोट बिघडतंय म्हणून कुणाच्या सांगण्यावरून लगेच गहू बंद करू नका. गव्हाच्या त्रासाची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यातलं एक, सिलिॲक, हे आधी तपासून घ्यायलाच हवं. सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. त्यासाठी टीटीजी नावाची रक्ततपासणी असते. गरज पडली तर दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून तपासतात. दोन्ही तपासण्या तुम्ही गहू खात असतानाच बरोबर येतात. आधीच महिनाभर पोळी सोडली असेल तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो, आणि मग नुसत्या तपासणीसाठी पुन्हा त्रास काढत गहू खावा लागतो.

माझ्या भाचीला सिलिॲक आहे, मला नाही. ती आमच्याकडे राहायला येते तेव्हा एकाच घरात दोन वेगळे नियम चालतात. तिला गव्हाचा कणही चालत नाही आणि हे पथ्य आयुष्यभराचं आहे. माझ्याबाबतीत प्रश्न प्रमाणाचा आहे: अर्धी पोळी चालते, दोन चालत नाहीत. हा फरक माहीत नसेल तर सिलिॲकवाला माणूस "थोड्यानं काय होतंय" म्हणून आतड्याचं नुकसान करून घेतो, आणि माझ्यासारखा माणूस विनाकारण कणाकणाला घाबरत बसतो.

तिसरा प्रकार ॲलर्जीचा. शेंगदाणा, मासे, अंडी असं काही खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दम लागला, तर घरी प्रयोग करायचे नाहीत, ताबडतोब दवाखाना गाठायचा. त्याचप्रमाणे वजन उतरणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारं पोटाचं दुखणं, रक्त कमी होणं किंवा पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेला त्रास, यातलं काही असेल तर आहार बदलण्याआधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. मिरज जवळच आहे, आणि बाहेरच्या जिल्ह्यांतूनही लोक तिथं उपचारासाठी येतात.

आणखी एक. शे-दोनशे पदार्थांची एकदम "इन्टॉलरन्स टेस्ट" करून देणाऱ्या जाहिराती दिसतात. बहुतेक वेळा ती आयजीजी तपासणी असते. रक्तातलं ते प्रतिद्रव्य आपण तो पदार्थ खात आलोय एवढंच दाखवतं, तो बाधतो हे सांगत नाही. ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटना या कामासाठी ती तपासणी करू नका असंच सांगतात. ते पैसे आहारतज्ज्ञाच्या भेटीसाठी ठेवा.

वही

सिलिॲक नाही, ॲलर्जी नाही, दुसरा आजार नाही, तरीही अनेक पदार्थ बाधतात, अशांसाठी सगळ्यात उपयोगी पद्धत ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तयार झाली. तिला लो-फोडमॅप म्हणतात. कल्पना साधी आहे. काही साखरा आणि तंतू, ज्यांना फोडमॅप म्हणतात, लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत. ते पुढे मोठ्या आतड्यात जातात, पाणी ओढून घेतात, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू होतो. गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टान असतात, कडधान्यांत गॅलॅक्टन, दुधात लॅक्टोज. आंबा, सफरचंद आणि मधात जादा फ्रुक्टोज. माझी यादी वाचून तुम्हाला वाटलं असेल की हिला सगळंच कसं बाधतं. पण या सगळ्यांचं पोटात पुढे होतं ते एकच.

पहिला टप्पा हे सगळं दोन ते सहा आठवडे बंद ठेवण्याचा. शक्य असेल तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा. लहान मुलं, गरोदर बायका, आधीच वजन कमी असलेली माणसं आणि खाण्याविषयी मनात भीती बसलेली माणसं, यांनी तर एकट्यानं करूच नये. सहा आठवड्यांच्या पुढे ओढायचं नाही. बरं वाटायला लागलं की माणसाला तिथंच थांबावंसं वाटतं, पण ज्या तंतूंनी आपल्याला वायू होतो त्यांच्यावरच आतड्यातले चांगले जिवाणू जगतात. ते तंतू फार दिवस बंद ठेवले की ते जिवाणूही घटतात.

याच काळात वही लिहायला घ्या. वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं, पोट कसं होतं, झोप कशी झाली, आणि बायकांनी पाळीची तारीख. पाळीच्या आधी माझं पोट तसंही फुगतं. ती नोंद नसती तर मी भातालाही दोषी धरलं असतं. "किती" हा रकाना मोकळा ठेवू नका. "वरण" लिहून काही कळत नाही. "अर्धी वाटी वरण" लिहिलं तर कळतं.

वही वाचताना एक ध्यानात ठेवा. आंबवण्याची क्रिया मोठ्या आतड्यात होते आणि अन्न तिथं पोचायला काही तास लागतात. संध्याकाळी पोट दुखलं की आपण चार वाजताच्या चहाबरोबर खाल्लेल्या पदार्थाला नावं ठेवतो. पुष्कळदा ते दुपारच्या उसळीचं असतं, कधी आदल्या रात्रीचंही.

दुसरं म्हणजे बेरीज. हे सांगलीकराला समजावावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. नुसत्या इथल्या पावसानं नदी तिथवर चढत नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी, वरच्या खोऱ्यातला पाऊस, पुढे वारणेचा फुगवटा, असं सगळं एकदम आलं की चढते. पोटाचंही असंच असतं. अर्धी पोळी, दोन चमचे उसळ, आंब्याची एक फोड ही वेगवेगळ्या दिवशी निभतात, पण एकाच जेवणात आली की पातळी ओलांडते. म्हणून "काल चाललं, आज का नाही?" असं झालं की त्या पदार्थाबरोबर ताटात आणखी काय होतं ते आधी बघा.

परत आणताना

पोट शांत झालं की एका वेळी एकच गट तपासायचा. पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी जरा जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीएवढं. बाकीचं जेवण शांत टप्प्यातलंच ठेवायचं. त्रास झाला की थांबायचं आणि दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे, मग पुढचा गट. दुधासाठी पाव कप, अर्धा कप, एक कप. गव्हासाठी अर्धी पोळी, एक, दोन. कांदा आणि लसूण एकाच गटातले, पण वेगवेगळे तपासा. माझं लसणावर लवकर बिघडतं, शिजलेला कांदा थोडा निभतो. कडधान्यासाठी मटकीची उसळ, फ्रुक्टोजसाठी आंबा. आमरस घेऊ नका, फोडी घ्या, म्हणजे किती खाल्ला ते मोजता येतं.

याच टप्प्यात मला बरंच काही परत मिळालं. भिजवून, ते पाणी ओतून देऊन शिजवलेली मूगडाळ छोटी वाटीभर चालते. दही चालतं, कारण विरजताना जिवाणू लॅक्टोज खातात. रात्रभर नीट लागलेलं, जरा आंबट दही जास्त सोपं जातं. तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच, त्यामुळे "दूध चालत नाही म्हणजे तूपही नाही ना?" असं विचारत भाताला कोरडं वाढणाऱ्यांना मी तूप मागून घेते. लॅक्टोजमुक्त दूधही मिळतं, अमूलचं मी घेते, चहाला ते पुरतं. कार्यक्रमात बासुंदी खायचीच असेल तर लॅक्टोज पचवणाऱ्या लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात, डॉक्टरांना विचारून ठेवा.

घेवडा मात्र नाही आला परत. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, तो सासूबाई फार सुंदर करतात. मी त्याचा वरचा रस्साही घेत नाही, कारण गॅलॅक्टन पाण्यात उतरतात आणि रश्शात येतात.

शाळू, दळण आणि चटणी

आता रोजच्या जेवणाचं. सांगली-साताऱ्यात जन्मलेल्या माणसाला गहू सोडणं जड जाऊ नये, कारण आपलं मूळ जेवण भाकरीचंच आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडं माण-खटाव, हा सगळा पट्टा ज्वारी-बाजरीचा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा यांत ग्लुटेन नाही, आणि माझ्यासारख्यांना त्यांचे फ्रुक्टानही त्रास देत नाहीत. महागड्या "ग्लुटेन-फ्री" आट्याच्या पिशव्यांमागे लागण्यापेक्षा जतकडचा शाळू वर्षाचा भरा. दळण थोडं थोडं आणा, आठवड्याला पुरेल एवढंच. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना चिरते आणि नवशिका माणूस कंटाळून पुन्हा पोळीकडे वळतो. तरीही चिरलीच तर पीठ उकळत्या पाण्यात भिजवून, जरा वाफ जिरवून मळा.

गिरणीत विचारायला लाजू नका. मी भाचीसाठी दळण नेते तेव्हा सरळ विचारते, "दादा, या जात्यावर आधी कुणाचं निघालंय?" बऱ्याच गिरण्यांत गव्हाचं जातं वेगळं असतं, पण ज्वारीच्या जात्यावर कुणी मिश्र धान्य काढलेलं असू शकतं. सिलिॲकवाल्यांनी घरघंटीच घ्यावी, आणि तिच्यात गहू कधीच टाकू नये. परात, चाळणी, पोळपाट-लाटणं हेही त्यांचं वेगळं हवं. चाळणी कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि गव्हाचं पीठ सगळ्यात जास्त तिच्याच जाळीत बसतं. मला एवढं काही लागत नाही, आमचा तवा एकच आहे.

लपलेला गहू ओळखून ठेवा: रवा, शेवया, दलिया, मैदा तर आहेच, पण थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो, मेतकुटात असतो, सोया सॉसमध्ये असतो. बांधानी हिंग मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात मिसळून करतात, म्हणून सिलिॲकवाल्यांनी डबीवरचं वाचूनच घ्यावा. मला त्यातली चिमूट चालते, आणि कांदा-लसूण नसलेल्या फोडणीला हिंगाशिवाय उभारी येत नाही. पाकिटावर ग्लुटेनयुक्त धान्य, दूध, सोयाबीन, शेंगदाणा, अंडी, मासे, सल्फाइट यांचा वेगळा उल्लेख करणं भारतात बंधनकारक आहे. "ग्लुटेन-फ्री" छापायचं असेल तर एका किलोत 20 मिलीग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. बारीक अक्षर वाचायला मोबाइलनं फोटो काढून मोठा करा.

चटणीचं मी असं करते. सासूबाईंची चटणी कुटायला जाते तेव्हाच माझी वेगळी करून घेते: ब्याडगी रंगासाठी, लवंगी तिखटासाठी, धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, लवंग, दालचिनी, मिरी, जिरं, थोडं हिंग. सगळं नेहमीसारखं तेलावर परतायचं, फक्त कांदा आणि लसूण काढून टाकायचा. ती वर्षभर बरणीत राहते, आणि तिच्यामुळे मला रोज वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. आमटीची फोडणी द्यायची, घरच्यांची चटणी पडायच्या आधी माझं बाजूच्या पातेल्यात काढायचं, त्यात माझी चटणी टाकायची. घरातल्या बाईचा वेळ वाचला तरच पथ्य टिकतं, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

लसणाचा स्वाद हवाच असेल तर तेल वापरा. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. गरम तेलात ठेचलेल्या पाकळ्या मंद आचेवर तांबूस होऊ द्यायच्या, सगळ्या बाहेर काढायच्या, मग त्याच तेलात फोडणी. पाणी असलेल्या आमटीत लसूण टाकून नंतर वेचून काढला तर उपयोग नाही, तोवर तंतू उतरलेले असतात. हे तेल रोजच्या रोज करा, बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. लसणाच्या तेलात बाहेरच्या तापमानाला बॉट्युलिझमचं घातक विष तयार होऊ शकतं. कांद्याऐवजी कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चिरून घाला, पांढरा भाग बाकीच्यांना द्या.

या तेलावर घरचं भडंग उत्तम होतं: लसूण काढलेल्या तेलात शेंगदाणे, कढीपत्ता, मग हळद, मिरचीपूड, मीठ, किंचित साखर आणि गॅस बंद करून चुरमुरे. कृष्णाकाठची वांगी मिळाली की शेंगदाण्याचं कूट, तीळ, कोथिंबीर आणि वरची चटणी भरून करते. ती भाजी घरातले सगळे माझ्या पातेल्यातूनच घेतात.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, त्यामुळे बेदाण्याचं विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. मूठभर द्राक्षं आणि मूठभर बेदाणे सारखे नाहीत. पाणी उडून गेल्यावर तेवढ्याच मुठीत कितीतरी जास्त द्राक्षं मावतात, आणि साखरेसकट बाधणारे तंतूही एकवटतात. त्यातून पिवळा-हिरवा रंग टिकावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. दमा असणाऱ्यांना सल्फाइटनं त्रास होऊ शकतो, त्यांनी तो वेगळा तपासावा. मी शिऱ्यावरचे चार-पाच खाते.

दूध कमी झालं की

प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलीग्रॅम कॅल्शियम हवं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलीग्रॅम असतं. नाचणीची भाकरी किंवा ताकातली आंबील, तिळाची चटणी, राजगिऱ्याची पालेभाजी आणि चालत असेल तेवढं दही, असं रोज थोडं थोडं जमवा. शाकाहारी असाल तर बी-12 कडे लक्ष हवं, ते धान्य-भाजीतून मिळत नाही. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, बी-12 आणि ड जीवनसत्त्व तपासते.

पंगत आणि प्रवास

आपल्या भागात एक फार मोठी सोय आहे. सांगली-कोल्हापूरकडे जैन समाज मोठा आहे, त्यामुळे इथल्या आचाऱ्याला आणि हॉटेलवाल्याला "जैन करा" एवढं म्हटलं की कांदा-लसूण जातो, खुलासा करावा लागत नाही. फक्त रस्सा दाट करायला काजू किंवा साय घातली आहे का ते विचारा. काजूतही गॅलॅक्टन आणि फ्रुक्टान दोन्ही असतात.

दुसरी सोय उपवासाची. साबुदाणा, भगर, राजगिरा, बटाटा, शेंगदाणा, जिऱ्याची फोडणी: गहू नाही, कांदा नाही, लसूण नाही, डाळ नाही. एसटी स्टँडवर काहीच सुचत नसेल तेव्हा मी उपवासाचं मागते. साबुदाणा वडा मात्र सामोश्याच्या तेलात तळलेला असू शकतो, म्हणून सिलिॲकवाल्यांनी खिचडी घ्यावी, आणि तीही वेगळ्या कढईतली असेल तर. रोज मात्र यावर राहू नका, साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नाही.

लग्नात आग्रह होणारच. "खा की गं, एका पुरणपोळीनं काय होतंय?" असं मावशी प्रेमानंच म्हणतात. मी हात जोडून सांगते, "मावशी, डॉक्टरांचं पथ्य आहे, पण मसालेभात आणि तूप वाढा, पोटभर खाते." काय नको हे सांगून थांबलं की वाढणाऱ्याचा हात तसाच राहतो. काय वाढायचं ते सांगितलं की दोघांचंही समाधान होतं. मसालेभातात कांदा-लसूण आहे का, ते आधी आचाऱ्याकडे जाऊन विचारलेलं असतं. घरचं कार्य असेल तर आदल्या दिवशी जाऊबाईंना फोन करून सांगते की वरणातलं थोडं फोडणीआधी काढून ठेवा.

पुरणाचा सण मी सोडलेला नाही. पुरण-वरणाचा नैवेद्य होतो, मी दोन घास घेते, त्या दिवशी दुसरं काही बाधणारं खात नाही, आणि रात्री भाकरी-तूप.

जे पदार्थ तपासणीत नापास झाले ते कायमचे खोडू नका. वर्षभरानं थोड्या प्रमाणात पुन्हा घेऊन बघा, सहनशक्ती बदलते. जुलाब किंवा पोटाचा संसर्ग झाल्यावर काही आठवडे दूध तात्पुरतं पचेनासं होतं, तेव्हाचा निकाल खरा धरू नका. म्हणून फेरतपासणी मी पावसाळ्यात करत नाही. नदीला पाणी चढलं, नळाला गढूळ आलं की घरात कुणाचं ना कुणाचं पोट बिघडलेलं असतं. दिवाळीचा फराळ संपला, नवा शाळू शेतात उभा राहिला की वहीचं नवं पान काढते. या थंडीत शिजवलेल्या कांद्याची पाळी आहे, एक चमच्यापासून.